कुरखेड्याच्या बांध्या

दिवाळी झाली तरी कोरपन्याकडच्या काळ्या मातीत चिखल होता. मेंढ्यांचे खूर सडू लागले, तेव्हा शकुबाई कळप घेऊन कुरखेड्याकडे निघाली. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच ती एकटी निघाली होती. वाटेत मेंढ्यांचं दूध आटलं, दोन कोकरं दगावली.

कुरखेड्याला धान कापलेल्या कोरड्या बांध्यांत कळप आठवडाभर चरला. खूर भरून आले आणि खुरांमुळे लंगडी झालेली एक मेंढी उभी राहून कोकराला पाजू लागली.

शकुबाईने लेकीला फोन लावला. "रंजीता, कोकरू पिऊन राह्यलं वं!"

"बरं झालं आई. मी कामावर हावो, मंग बोलतो."

आजूबाजूला कोणीच नव्हतं. कोकराचं पोट भरेपर्यंत शकुबाई मेंढीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.