पुढच्या वर्षीची संध्याकाळ

"अहो, हा पलंग वर चाललाय की मी?"

तारेमास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि उगाच उशीचा अभ्रा सारखा करत बसले.

"तुला औषध द्यायला वाकावं लागतं. माझी कंबर धरते," शेवटी ते म्हणाले.

"कालपर्यंत तर बरी होती तुमची कंबर. आठवड्याला एक वीट चढतेय पायाखाली. थोड्या दिवसांत छताला टेकेन मी. बरं होईल म्हणा, तिथली जळमटं तरी निघतील."

दारात औषधाची बाटली घेऊन लेक उभी होती. तिला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि बाटली तशीच हातात घेऊन ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मास्तर तारांगणात आकाशाचं यंत्र चालवायचे. घुमटाखाली अंधार करायचा, तारे दाखवायचे आणि दिवे लागले की लोकांच्या शंका फेडायच्या, यात त्यांचा जन्म गेला. म्हणून तर पोरांनी त्यांना तारेमास्तर आणि त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई करून टाकलं होतं. लोकांच्या शंका ठरलेल्या. तारे का लुकलुकतात? ती ठळक चांदणी आमच्या गाडीबरोबर धावते ती कशी? मागच्या महिन्यात इथे होती, आता तिथे कशी गेली? मास्तरांची उत्तरंही ठरलेली. "चांदणी कुठे जात नाही हो, फिरतो ते आपण," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मास्तरीणबाई मात्र इतक्या वर्षांत एकदाही त्या घुमटाखाली जाऊन बसल्या नव्हत्या. "तुमच्या चांदण्यांनी माझी चूल पेटते का?" असं म्हणून त्या विषय संपवायच्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग त्या अंथरुणाला खिळल्या. पलंग पश्चिमेच्या खिडकीसमोर होता. समोरच्या इमारतीच्या गच्चीचा कठडा आणि त्यावर हातभर आकाश, एवढंच काय ते दिसायचं. दिवेलागणीला त्या हातभर आकाशात एक पांढरीशुभ्र चांदणी उगीच ओळख असल्यासारखी येऊन थांबायची.

"ही कोण हो?" त्यांनी एकदा विचारलं.

"चित्रा."

"गुणाची आहे. रोज येते, पण बरं वाटतंय का म्हणून विचारत नाही."

त्या दिवसापासून संध्याकाळी पडदा ओढायची कुणाची बिशाद नव्हती. दुखणं वाढलं, जेवण तुटलं, बोलताना धाप लागू लागली. पण चित्रा दिसली की मास्तरीणबाईंच्या चेहऱ्यावर गोडवा यायचा. मास्तर खिडकीकडे न बघता त्या चेहऱ्याकडेच बघत बसायचे.

"अहो, ही खाली खाली चाललीय का?" असं त्यांनी एक दिवस विचारलं. हीच शंका तारांगणात कुणी काढली असती तर त्यांनी एका दमात सांगितलं असतं: कुठलाही तारा रोज थोडा लवकर मावळतो, म्हणून ठरावीक वेळेला तो रोज थोडा खाली सापडतो, आणि एक दिवस मावळतीच्या उजेडात बुडून जातो. पण ते म्हणाले, "छे! पडल्या पडल्या तसं वाटतं माणसाला." आकाशाबद्दल ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले होते. डॉक्टरांनी लेकीला बाहेर बोलावून जे सांगितलं होतं ते त्यांनाही ठाऊक होतं. ही थंडी काही त्या बघणार नव्हत्या.

लेक आईला न्हाऊ घालायला घेऊन गेली की मास्तर पलंगाच्या चारी पायांखाली एकेक वीट सरकवायचे. पलंग चढला की कठडा उतरायचा आणि चित्रा पुन्हा दिसायची. तारांगणातल्या इतर मंडळींना कळलं असतं तर त्यांनी पोट धरधरून हसून घेतलं असतं.

पण विटांनाही मर्यादा असते. एका संध्याकाळी कठडा चांगला खाली होता, आकाश निरभ्र होतं आणि नुसता तांबूस उजेड पसरला होता.

"आज आली नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"ढग असेल."

"ढग नाहीये. खोटं बोलणं तुम्हाला कधी जमलं नाही, आता या वयात काय जमणार? लोकांना सांगता तसं सांगा."

मास्तर स्टुलावर बसले. पलंग इतका उंच झाला होता की त्यांना मान वर करून बोलावं लागलं.

"सूर्य तिच्या अंगावर आलाय. आता महिना दीड महिना दिसायची नाही. मग पहाटे दिसेल, पूर्वेला."

"पूर्वेला आपली न्हाणी आहे."

"हो."

"आणि या खिडकीत?"

मास्तरांनी पांघरुणाचं टोक सारखं केलं.

"अहो, या खिडकीत कधी?"

"पुढच्या वर्षी."

मास्तरीणबाईंनी खिडकीतल्या रिकाम्या आकाशाकडे पाहिलं. "म्हणजे ती आहे तिथेच आहे. निघालेय ती मी," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज फुटला. "दुसरी कसली हौस राहिली नाही हो मला. ती परत आलेली तेवढी बघायची होती."

मास्तर लहान मुलासारखे रडले. त्यांनी ते लपवलंही नाही. डोळे पुसून झाल्यावर म्हणाले, "उद्या तारांगण बंद असतं. येतेस?"

"खरं आकाश सोडून तुमच्या त्या लुटुपुटुच्या आकाशाखाली?"

"परत आलेली दाखवतो."

दुसऱ्या दिवशी लेकीने आणि पहारेकऱ्याने मिळून चाकाची खुर्ची घुमटाच्या मधोमध आणून लावली. पाठीला उशी, पायांवर शाल. मास्तरांनी दिवे मालवले. त्यांच्या यंत्रात एक सोय होती: वेळ दिवेलागणीचीच ठेवायची आणि दिवस तेवढे पुढे न्यायचे. त्यांनी महिनाभरापूर्वीची संध्याकाळ लावली. पश्चिमेला चित्रा उभी होती.

"अगंबाई! हीच की."

दिवस सरकू लागले. चित्रा उतरत उतरत उजेडात विरून गेली.

"गेली," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या.

मग पूर्वेकडून दुसरेच तारे वर आले. मृग आला आणि त्याच्या मागोमाग एक लखलखीत तारा.

"हा केवढा मोठा! हा कोण?"

"व्याध. थंडीतला."

"अशी असते होय तुमची थंडी," त्या म्हणाल्या आणि तो पार मावळेपर्यंत मान वळवून बघत राहिल्या. इतक्यात लेकीने त्यांचा खांदा दाबला. पूर्वेला चित्रा उगवली होती. ती चढली, माथ्यावरून सरकली आणि सावकाश पश्चिमेला येऊन ठेपली.

"थांबवा. तिथेच थांबवा."

आकाश थांबलं.

"ही पुढच्या वर्षीची?"

"हो."

"आली की नाही परत!" त्यांना इतका आनंद झाला की त्या खुर्चीतून उठायलाच निघाल्या. लेकीने त्यांना सावरलं. थोड्या वेळाने अंधारातून त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही कुठे आहात आत्ता?"

"असेन घरीच," ते म्हणाले. "खिडकीशी."

"चहा घेतलात?"

"नसेन घेतला."

"घ्यायचा. करता येतो तुम्हाला, येत नाही असं सोंग करता. आणि काळोखात बसून राहायचं नाही. ही दिसली की उठून दिवा लावायचा. लेकीला फोन करायचा, तिच्या फोनची वाट बघत कुढायचं नाही. काय?"

"बरं."

"नुसतं बरं नको."

"लावीन दिवा. करीन फोन."

त्यांचं समाधान झालं असावं. त्या पुष्कळ वेळ चित्रेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चला, दमले मी. आणा आता मला परत आजच्या दिवसावर."

यंत्राची कळ एकदा उलटी फिरवली की अख्खं वर्ष डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मागे यायचं. बाहेर पहारेकरी दार लावायला खोळंबला होता. मास्तरांनी त्याला थोडं थांबायला सांगितलं, कळ दोन्ही हातांनी धरली आणि यंत्र जितकं हळू चालेल तितकं हळू, एकेक संध्याकाळ करत ते मागे यायला निघाले.