वजनाचा रविवार

काटेसाहेबांनी दात घासायच्या ब्रशची दांडी टेबलाच्या कडेवर दाबून धरली आणि बारीक करवतीने कापली. उरलेला बोटभर तुकडा त्यांनी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवला. नऊ ग्रॅम! स्वारी खूश झाली आणि वहीत लगेच नोंद पडली, सात ग्रॅम वाचले.

"आता दातच काढून ठेवा घरी," आतून बायको म्हणाली. "तेवढंच ओझं कमी."

"हस, हस. विसाव्या दिवशी चढावर जीव मेटाकुटीला आला ना, की आठवतील हे सात ग्रॅम."

चौतीस वर्षं हा माणूस दुकानादुकानांतून वजनंमापं तपासत हिंडला होता. काटेसाहेब हे नाव दुकानदारांनी ठेवलेलं, आधी पाठीमागे आणि मग तोंडावर. खोटं वजन त्यांनी कधी सोडलं नाही, सख्ख्या मेव्हण्याचंसुद्धा नाही. आता निवृत्त झाल्यावर ती सगळी कडक शिस्त दोन पाठपिशव्यांवर येऊन पडली होती.

वाट आठशे किलोमीटरची होती. डोंगरांच्या माथ्यामाथ्यावरून जाऊन थेट समुद्रावर उतरणारी, पंचेचाळीस दिवसांची. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी दोघांनी ती चालायचं ठरवलं होतं. मग मुलगी झाली, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग बायकोच्या शाळेतल्या परीक्षा काही संपेनात, आणि नकाशा भिंतीवर पिवळा पडत गेला. आता मात्र मुक्कामाच्या जागा ठरल्या होत्या, बूट वापरून मऊ झाले होते. निघायला उरले होते वीस दिवस.

दर रविवारी वजनं व्हायची. आधी माणूस एकटा मोठ्या काट्यावर, मग पिशवीसकट. वजाबाकी केली की पिशवीचं वजन. अकरा वाजता मुलीचा फोन यायचा आणि ती दोघांचे आकडे विचारून घ्यायची. "दोघांपैकी एकाचं जरी भराभर उतरलं, तरी मी तुम्हांला जाऊ देणार नाही," असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"या, मास्तरीणबाई."

बायको आली ती चालायचं जाड जाकीट घालून. रस्त्यात जे अंगावर असणार ते घालूनच वजन करायचं, हा तिचा आग्रह. चाळीस वर्षं गणित शिकवलेली बाई, म्हणून काटेसाहेबांना त्याचं कौतुकच वाटलं होतं. ती काट्यावर चढली.

"अठ्ठावन्न," ते म्हणाले आणि वहीत लिहायला वाकले. लिहिता लिहिता पेन थांबलं.

वरच्या ओळीत अठ्ठावन्न होतं. त्याच्या वर अठ्ठावन्न. सहा रविवार झाले, शंभर ग्रॅमचाही फरक नाही. ते स्वतः रोजच्या दहा किलोमीटरच्या सरावाने दीड किलो उतरले होते, मध्ये एकदा थोडे चढलेही होते. माणसाचं अंग असं एका आकड्यावर बसून राहत नाही.

"काटा अडकतोय," ते म्हणाले. "थांब, उतरू नकोस. पेटी आणतो, तपासून बघू."

"राहू द्या ना ती पेटी. अकरा वाजत आले, आता फोन येईल."

"दोन मिनिटांचं काम."

निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या मंडळींनी त्यांना जुन्या लोखंडी वजनांची लाकडी पेटी भेट दिली होती. दोन किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत, प्रत्येकाला आपापला खळगा. काटेसाहेबांनी ती कपाटातून काढली. उचलताच ती हलकी लागली. झाकण उघडलं तर सहा खळगे रिकामे, आणि कोपऱ्यात पन्नास ग्रॅमचं एकटं वजन.

ते तसेच पेटी धरून उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या गल्ल्याखाली, पोत्यांमागे, तागडीच्या पालथ्या बाजूला हात घातला होता. आत्ता समोरच्या जाकिटाच्या फुगलेल्या खिशांकडे बघायचा त्यांना धीर होईना.

बायकोनेच खिशात हात घातला. मोज्यात गुंडाळलेलं दोन किलोचं वजन तिने टेबलावर ठेवलं. मग एक किलोचं. मग अर्ध्याचं, मग बाकीची तीन. काट्यावरचा आकडा चोपन्नावर येऊन थांबला.

"पुढच्या रविवारी काय घालणार होते, देव जाणे," ती म्हणाली. "पेटी संपली की हो तुमची."

ती हसायला गेली, पण हसू काही जमलं नाही.

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"गेल्या मंगळवारी. उद्या मोठ्या तपासण्या आहेत."

"आणि एकटी जाणार होतीस?"

"तुम्हांला सांगितलं असतं तर तुम्ही त्याच क्षणी नकाशा गुंडाळला असतात. ओळखत नाही का मी तुम्हांला?" ती काट्यावरून उतरली आणि खुर्चीचा आधार घेऊन उभी राहिली. "मला जायचंय हो. सगळी नाही, तर चार दिवसांची तरी वाट चालायचीय. एकदा का दवाखान्यातल्या त्या खाटेवर पाठ टेकली, तर मग… मला भीती वाटते."

त्यांना तिच्यावर ओरडायचं होतं. सहा रविवार आपण आकडा वाचला आणि माणूस बघितला नाही, याची लाज त्या रागाहून मोठी होती. तिची मनगटं केवढीशी झाली होती! रोज जेवायला समोरच बसत होती ती.

फोन वाजला. दुसऱ्यांदा वाजला, तेव्हा त्यांनी उचलला.

"बाबा, झाली वजनं? तुमचं किती?"

"साडेएकोणसत्तर."

"आणि आईचं?"

बायको त्यांच्याकडे बघत होती. टेबलावर सहा वजनं ओळीने मांडलेली होती.

"अठ्ठावन्न," काटेसाहेब म्हणाले.

"छान. मग मला काळजी नाही."

त्यांनी फोन ठेवला.

"खोटं वजन सोडलंत," ती हळूच म्हणाली.

"उद्यापर्यंतच. उद्या मी येतोय तुझ्याबरोबर. तिथून बाहेर पडल्यावर तिला खरं काय ते दोघं मिळून सांगू."

मग ते खाली बसले. बायकोची पिशवी त्यांनी पुढ्यात ओढली, तिचा जाड स्वेटर काढला, पावसाळी कोट काढला, पाण्याची बाटली काढली, आणि एकेक करून आपल्या पिशवीत भरायला लागले, काहीच न तोलता.