हात थरथरतो म्हणे

“नमस्कार. दवाखाना आज बंद आहे. दात दुखत असल्यास कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या कराव्यात आणि उद्या सकाळी फोन करावा. घाबरण्याचं काहीही कारण नाही.”

नवऱ्याने मोबाइल कानापासून लांब धरला आणि कौतुकाने म्हणाला, “अगं, काय गोड बोलतेस तू! घरात कधी कानावर आलं नाही असं.”

ताई उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हत्या. उजव्या गालाला ओला टॉवेल दाबून त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या होत्या. गाल रात्रीतून असा फुगला होता, की आरशात बघताना आधी तो दिसायचा आणि मागून ताई. तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. रविवारची सकाळ होती आणि दातांच्या दवाखान्यात फोनवर बसणाऱ्या ताई आपल्याच दवाखान्याला फोन लावून आपलाच रेकॉर्ड केलेला आवाज ऐकत होत्या.

“दुसरीकडे लाव,” त्या दातांच्या फटीतून म्हणाल्या.

नवऱ्याने दुसरीकडे लावला. तिथे वेगळ्या बाईचा आवाज होता, पण दवाखाना बंदच होता, मीठ तेच होतं आणि घाबरण्याचं कारण तिथेही नव्हतं. तिसरीकडेही तेच, चौथीकडेही तेच. चौथीला सर्दी झालेली होती, एवढाच काय तो फरक.

“सगळ्या एकच कसं काय बोलतात गं?” नवऱ्याने विचारलं.

ताईंनी टॉवेलाची बाजू बदलली. सगळ्या एकच बोलत होत्या, कारण सगळ्यांना ते ताईंनीच लिहून दिलं होतं.

पूर्वी गावातले दातांचे दवाखाने वेगवेगळ्या दिवशी बंद असायचे. एकाचं दार बंद दिसलं की पेशंट सरळ दुसऱ्याच्या पायऱ्या चढायचा, आणि एकदा चढला की कायमचा तिकडचाच व्हायचा. ताईंच्या जिवाला हे फार लागायचं. शेवटी त्यांनी बाकी तीन दवाखान्यांत फोनवर बसणाऱ्या तिघींना घरी बोलावलं, पोटभर खाऊ घातलं आणि गळी उतरवलं, की सगळ्यांनी रविवारीच बंद ठेवायचं. म्हणजे कुणाचा पेशंट कुणाकडे जायला नको. दुखणं काय, सोमवारपर्यंत थांबेल, पळून जातंय कुठे? तिघी खूश झाल्या. त्यांचे डॉक्टर त्याहून खूश झाले, कारण त्यांना ही कल्पना आपलीच वाटली. तेव्हापासून रविवारी गावात दाढ दुखली, तर ती सोमवारपर्यंत दुखत राही. ताईंना या व्यवस्थेचा आजवर अभिमान होता.

“तुझ्या डॉक्टरांना घरी लावू का?”

“परगावी. उद्या येतील.”

नवरा विचारात पडला. तो सगळी नोकरी बस चालवून निवृत्त झाला होता, आणि रस्ता बंद असला तर वळसा कुठून घ्यायचा, एवढाच विचार त्याला नीट करता यायचा.

“मग समोरचे आहेत की!”

समोरचे म्हणजे ताईंच्या दवाखान्याच्या समोर, रस्त्यापलीकडे, जुन्या इमारतीत बसणारे म्हातारे दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे फोन घ्यायला बाई नव्हती, ते स्वतःच घेत. त्यामुळे त्या सुट्टीच्या बैठकीला त्यांच्याकडून कुणाला बोलवायचा प्रश्नच आला नाही. ते आपले रविवारीही दार उघडून बसायचे.

ताईंनी टॉवेलासकट जोरजोरात मान हलवली आणि हलवल्याचा लगेच पश्चात्ताप केला. “नको. हात थरथरतो त्यांचा.”

“कोण म्हणतं?”

“सगळं गाव म्हणतं.”

“गावाला कुणी सांगितलं?”

ताई भिंतीकडे बघत राहिल्या. नवऱ्याने पंचवीस-तीस वर्षं संसार केला होता. पुढे न विचारणं त्याला चांगलं जमायचं. त्याने स्कूटरची किल्ली घेतली.

नवऱ्याची स्कूटर ही बसच होती, फक्त सीट कमी. प्रत्येक थांब्याशी तो सवयीने वेग कमी करायचा, आणि थांब्यावर एखादी म्हातारी उभी दिसली तर पाय खाली टेकल्याशिवाय त्याला पुढे जाववायचं नाही. प्रत्येक टेकण्यागणिक ताईंच्या दाढेतून कानापर्यंत कळ जात होती. मागे बसून त्या दात-ओठ खावेत म्हणत होत्या, पण तीही सोय उरलेली नव्हती.

पहिला मुक्काम औषधाच्या दुकानात झाला. दुकानदार ताईंचा जुना पेशंट. ताईंना त्या अवतारात बघून त्याचा चेहरा आधी कळवळला, आणि मग हळूहळू उजळला.

“ताई, झोप लागते का?” त्याने विचारलं.

ताईंनी डोळे मिटले. हे त्यांचेच तीन प्रश्न होते. दवाखान्यात कुणी मधेच घुसायला बघितलं की त्या काउंटरमागून हेच विचारायच्या, आणि तीनपैकी एकाचं जरी उत्तर बरं आलं, तरी माणसाला तारीख मिळायची पुढच्या आठवड्याची.

“नाही,” नवरा म्हणाला. “रात्रभर बसून होती.”

“चावता येतं का?”

“पाणी पिता येत नाही.”

“सूज आहे का?” दुकानदाराने हे विचारलं आणि त्याला स्वतःलाच लाज वाटली. “जाऊ द्या ताई, गंमत केली. माझ्या वेळेला तुम्ही मला चार दिवस थांबवलं होतं, ते आठवलं. गोळी देतो, पण हे गोळीवर भागायचं नाही. मोठ्या हॉस्पिटलात दाखवा.”

मोठ्या हॉस्पिटलात बाकावर बरीच माणसं होती. ताई सवयीने काउंटरकडे निघाल्या आणि तिथल्या मुलीने मान वर न करताच सांगितलं, “बसून घ्या, नाव पुकारू.” अगदी ताईंच्या स्वरात. ताई बसल्या. बाकावरून त्यांना काउंटरच्या वर मुलीचं फक्त कपाळ दिसत होतं. इतकी वर्षं लोकांना आपलंही नुसतं कपाळच दिसत आलं असणार, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते कपाळ काही फार प्रेमळ दिसत नव्हतं.

आतल्या तरुण डॉक्टरीणबाईने गाल दाबला, गळा चाचपला. ताईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

“दातांचा विभाग उद्या उघडेल,” ती म्हणाली, “पण उद्यापर्यंत थांबू नका. पू झालाय आणि सूज खाली गळ्याकडे पसरायला लागली आहे. दाढ आजच्या आज उघडायला किंवा काढायला हवी. मी इंजेक्शन देते, तेवढ्यात दातांचा डॉक्टर शोधा. कुणीच नाही मिळाला, किंवा गिळायला-श्वासाला त्रास झाला, तर तसेच परत या. दाखल करून घेऊ. गावात रविवारी कुणीच बसत नाही का हो? कमाल आहे. कुणी केली ही पद्धत?”

नवरा छताच्या पंख्याकडे बघायला लागला. माणूस म्हणून तो चांगला होता.

बाहेर आल्यावर ताईंनी स्वतःच हात पुढे करून दिशा दाखवली. स्कूटर मुकाट्याने समोरच्यांकडे वळली.

खरं काय ते ताईंना माहीत होतं. सुट्टीची व्यवस्था लागल्यावर पहिल्याच महिन्यात दोन पेशंट रविवारी समोर जाऊन आले, आणि वर ताईंनाच सांगते झाले, की हात काय हलका आहे हो त्यांचा. ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तिसऱ्याने फोनवर चौकशी केली तेव्हा त्या सहज म्हणून गेल्या, “जा की. फक्त हात जरासा थरथरतो म्हणे त्यांचा.” ते ‘म्हणे’ त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं होतं. पण वाक्य असं काही चाललं, की वर्षाच्या आत तेच बाहेरून फिरून त्यांच्याकडे परत आलं, तेही चार साक्षीदारांसकट. मग ताईंचाही त्यावर विश्वास बसला. इतकी माणसं कशाला खोटं बोलतील?

समोरच्यांच्या दवाखान्याचं दार उघडं होतं. बाहेरचा बाक रिकामा. आत म्हातारे डॉक्टर पेशंटच्या खुर्चीतच पाय पसरून, डोक्यावरचा दिवा लावून पेपर वाचत होते. माणसं बघून ते गडबडीने उतरले आणि टॉवेलाने खुर्ची पुसायला लागले.

“या, या. उजेड इथे बरा पडतो म्हणून बसतो. आपण... आपण समोरच्या ना?”

ताईंनी मान हलवली. आपणही कुणाच्या तरी समोरच्या आहोत, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

त्या खुर्चीशी आल्या आणि थबकल्या. गावातल्या अर्ध्या लोकांना ‘काही दुखत नाही हो, बसा’ म्हणून त्यांनी खुर्चीत बसवलं होतं, पण स्वतः त्या खुर्चीत आजवर एकदाही बसल्या नव्हत्या. आतून येणारे आवाज रोज ऐकल्यावर कोण बसेल? नवऱ्याने मागून अलगद खांदे धरले आणि त्यांना बसवलं.

डॉक्टरांनी तोंडात डोकावून बघितलं. “ही शेवटची दाढ पार गेलेली आहे. काढून टाकू, ठणका लगेच थांबेल. पण त्याआधी एक सांगायला पाहिजे.” ते हात पुसत पुसत घुटमळले. “लोक म्हणतात, माझा हात थरथरतो. तुमच्याही कानावर आलं असेल.”

ताई डोक्यावरच्या दिव्याकडे बघायला लागल्या.

“मला स्वतःला तसं कधी जाणवलं नाही. पण इतकी माणसं म्हणतात म्हटल्यावर काहीतरी असेलच ना? रोज सकाळी चहाचा कप काठोकाठ भरून हातात धरून बघतो. अजून तरी सांडलेला नाही. पण आपलं आपल्याला कळत नाही. मागच्या महिन्यात एकाची दाढ काढायची होती, माझा धीर होईना, दुसरीकडे जा म्हणालो.” ते ओशाळं हसले. “तुम्ही रोज हे बघता, तुमची नजर तयार आहे. माझ्या हाताकडे लक्ष ठेवाल? जरा जरी हललेला दिसला, तर हात वर करा. मी तिथेच थांबेन.”

ताईंना त्या क्षणी गाल दुखत होता की आणखी काही, हे सांगता आलं नसतं. खूप वाईट वाटत होतं, एवढं खरं.

डॉक्टरांनी सुई भरली. इतक्यात किणकिण असा बारीक आवाज सुरू झाला. ट्रेमधली हत्यारं एकमेकांवर वाजत होती. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी सुई धरलेल्या हाताकडे बघितलं. हात जागच्या जागी होता. सुईच्या टोकावरचा थेंबसुद्धा लटकून राहिला होता. मग त्यांनी ट्रेकडे बघितलं. ट्रे खुर्चीला जोडलेला होता, आणि खुर्चीत ताई होत्या. ताई केसापासून टाचेपर्यंत लटलट कापत होत्या.

“अहो, तुम्ही होय!” डॉक्टर इतके सुखावले, की हसूच आलं त्यांना. “घाबरण्याचं काही कारण नाही.”

हे वाक्य ताईंना पाठ होतं. पण कुणी तरी समोर उभं राहून ते आपल्याला म्हणालं की बरं वाटतं, हे नवीन होतं.

मग त्या फक्त हाताकडे बघत राहिल्या. म्हातारा, शिरा वर आलेला, नखं स्वच्छ कापलेला हात. तो आत आला, थांबला, टेकला, वळला. एकदाही हलला नाही. आपल्या दवाखान्यात एवढा स्थिर हात त्यांनी बघितला नव्हता, आणि हे त्यांनी आपल्या डॉक्टरांशी इमान राखूनही मनात कबूल केलं. दाढ कधी निघाली ते त्यांना ती भांड्यात टणकन पडल्यावर कळलं.

“काही दिसलं?” डॉक्टरांनी विचारलं. निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

ताईंनी जोरात नकाराची मान हलवली. मग त्यांना पुढचंही सांगायचं होतं. सगळंच सांगायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, तर डॉक्टरांनी त्यात कापसाचा बोळा ठेवला. “घट्ट दाबून धरा. आता तासभर अवाक्षर बोलायचं नाही.” आयुष्यात पहिल्यांदा ताईंना बोलायचं होतं आणि बोलायची बंदी होती. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

“दुखतंय का?” डॉक्टर घाबरले.

“नाही हो,” नवरा म्हणाला. “ती तशीच आहे. आणि हात कसला थरथरतो तुमचा! ह्या हातात मी माझी बस दिली असती, घाटात.”

दुसऱ्या दिवशी ताई गालाला रुमाल बांधून कामावर गेल्या आणि पहिलं काम त्यांनी फोनवरचा निरोप बदलण्याचं केलं. त्यांचे डॉक्टर परगावाहून आले, त्यांनी तो ऐकला, पुन्हा लावून ऐकला आणि काउंटरवर आले.

“ताई, हे काय सांगताय तुम्ही लोकांना?”

“खरं सांगतेय,” ताई म्हणाल्या. “हवा तर ठेवा. नाहीतर फोनवर दुसरी बाई बसवा, मी रुसणार नाही.”

डॉक्टरांनी त्यांच्या गालाकडे बघितलं. मग ते आत गेले आणि त्यांनी पहिला पेशंट बोलावला.

पुढच्या रविवारी नवऱ्याने मुद्दाम फोन लावला. आवाज सुजलेला, जाड, शब्द एका बाजूने घसरलेले. “नमस्कार. दवाखाना आज बंद आहे. फार दुखत असेल तर वाट बघू नका. रस्त्यापलीकडे समोरच्या डॉक्टरांकडे जा, ते रविवारी असतात. त्यांचा हात अजिबात थरथरत नाही. थरथरतो असं मीच उठवलं होतं. माझी दाढ मी त्यांच्याकडूनच काढून घेतली आहे.”

“गोड नाही वाटला,” नवरा म्हणाला.

“नसू दे.”

संध्याकाळी ते दोघं स्कूटरवरून त्या रस्त्याने गेले. समोरच्यांच्या बाकावर गाल धरून तिघं बसले होते आणि चौथा टेकायला जागा शोधत होता. डॉक्टर एका पेशंटला पोचवायला दारापर्यंत आले होते. नवऱ्याने थांब्यावर घेतात तसा वेग कमी केला. ताईंना वाटलं, मान खाली घालावी, पण त्यांनी घातली नाही.

डॉक्टरांनी त्यांना ओळखलं. मग त्यांनी हात वर केला, आणि स्कूटर वळणापर्यंत जाईतो तसाच, न हलवता, धरून ठेवला.