ताप न्हाई

शशिकलाची मुक्ता पायाळू. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले आणि शशिकलाचा जीव जाता जाता राहिला; पण गल्लीला त्याचं काय! पालममध्ये कुणाच्या पाठीत उसण भरली की माणूस यांच्या दारात हजर. ओसरीवर पालथं पडायचं आणि पोरीचा पाय तीनदा पाठीला लावून घ्यायचा. अडीच वर्षांची पोर, तिला तो खेळच वाटायचा.

आता दोन महिने झाले, घरचीच पाठ पालथी पडत होती. शशिकलाच्या सासूबाईंची, कासाबाईंची. कापूस वेचून आल्या त्या कंबरेवर हात ठेवूनच.

"उसणच हाय ती," शेजारच्या सुलाबाईंनी सांगून टाकलं. "पोरगी घरची हाय म्हणून गुण येईना."

बाहेरचा पायाळू आणून झाला, लेप झाले. शेवटी शशिकलाच्या नवऱ्यानं, दत्तरावांनी, आईचं नाव परभणीच्या एका शेकाच्या दवाखान्यात घातलं. विजेच्या मशीनचा शेक आणि व्यायाम, आठवड्यातून दोनदा. दत्तराव शाळेत मास्तर, त्यांना रजा मिळेना. म्हणून कडेवर मुक्ता, हाताला सासूबाई, अशी शशिकला सकाळच्या एस.टी.नं निघायची.

पहिल्या दिवशी शेकाच्या डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. तिशीच्या आतला, बोलका माणूस.

"आजी, ताप येतो का?"

"न्हाई."

"वजन कमी झालंय?"

"मी काय कापसाचं गाठोडं हाय का रं बाबा, काट्यावर टाकायला?"

डॉक्टर हसले आणि कागदावर लिहिलं, ताप नाही.

"डॉक्टर, यांच्या चोळ्या ढिल्या व्हायला..." शशिकला म्हणू लागली.

"ताई, दुखतंय त्यांना. त्यांनाच बोलू द्या की."

झालं. त्या दिवसापासून शशिकलाचं बोलणं कुणी वाक्य संपेपर्यंत ऐकलं नाही.

गेल्या साली मुक्ताच्या छातीत कफ दाटला, तेव्हा 'सर्दीच हाय' म्हणत घरानं दोन दिवस घालवले होते. पोर वाचली, पण तेव्हापासून शशिकला सगळ्यांकडं डोळे लावून बसायची. सासूबाईंचंही तिला दिसत होतं. कष्टानं दुखणारी पाठ आडवी झाली की निवते. ही रात्रीच जास्त ठणकायची. मुक्तानं चमचा खाली टाकला तर सासूबाई वाकत नसत. पाठ काठीसारखी ताठ ठेवून, गुडघ्यावर हात टेकत खाली बसायच्या आणि मग चमचा उचलायच्या. आणि दिवे लागले की ऐन चैत्रात अंगावर गोधडी!

मुक्तासाठी घेतलेलं थर्मामीटर तिनं एका संध्याकाळी सासूबाईंच्या काखेत घातलं. नव्याण्णव पॉइंट आठ. दुसऱ्या दिवशी शंभर.

"आत्याबाई, तुम्हाला ताप आहे."

"हट्! ताप म्हंजी काय मला कळत न्हाई व्हय? तुज्या सासऱ्याला आला व्हता. अठरा दिवस बरळत व्हते. ठिव ते लेकराचं."

दत्तरावांनी तर वह्या तपासता तपासता वरसुद्धा बघितलं नाही. "तू बी.एस्सी. झालीस शशे, डॉक्टर नाही. रोजचा शेक चाललाय, त्याची उष्णता असेल."

"रोज कुठं? आठवड्यातून दोनदा!"

"तेच ते."

पुढच्या खेपेला तिनं धीर करून डॉक्टरांना सांगितलं, "संध्याकाळी यांना ताप असतो." डॉक्टरांनी लगेच बघितला. सकाळचे अकरा वाजलेले. ताप कुठला असायला!

"आजी, खरं सांगा, येतो का ताप?"

"न्हाई वो. हिला खोडच हाय तसली. लेकराला शिंक आली तरी दवाखाना गाठती."

बाकावरची माणसं खो खो हसली. शशिकलाचे कान तापले. तिला वाटलं, थर्मामीटर आता आपल्याच काखेत घालावं.

मधे विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदात गाड्या निघाल्या नाहीत, दोन शेक बुडाले. त्या आठवड्यात दुखणं वाढलं, तर ते शेक बुडाल्यामुळं, असं घरानं ठरवूनही टाकलं.

मग एका रविवारी दुपारी आजी कुशीवर पडलेली असताना मुक्ता आपणहून मागं गेली आणि पाय लावला. सवयच ती.

"आजीला गोटी!" पोर म्हणाली.

शशिकलानं चोळीवरून मणक्यावर बोट फिरवलं. दोन खांद्यांच्या खाली, बरोबर मधोमध, एक टेंगूळ. बोट नुसतं टेकलं तर कासाबाई किंचाळल्या. दत्तरावांनीही हात लावून बघितलं. "म्हातारपणी हाडं वर येतातच," ते म्हणाले, पण यावेळी त्यांनी वहीत डोकं घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी परभणीच्या स्टँडवर उतरून दोघी चालत होत्या. शशिकलानं मागं बघितलं, तर रस्त्यात एक चप्पल पडलेली.

"आत्याबाई, चप्पल!"

"कुणाची गं?"

त्यांचीच होती. दहा पावलं एक पाय अनवाणी, भर उन्हात, आणि बाईला पत्ता नाही. हे पाय आता हातचे चालले, असंच शशिकलाला वाटलं.

दवाखान्यात तिनं मशीनची वायर धरून ठेवली. "आज शेक द्यायचा नाही."

"ताई, बाहेर बसा बरं. माझी बाकीची माणसं ताटकळलीत."

"मी बाहेर जाणार नाही. तुम्ही आधी यांची पाठ उघडून बघा!"

"अगं, काय तमाशा लावलास?" कासाबाई चिडल्या. "करू दे त्यांना लवकर. दिवे लागायच्या आत घरी जायचंय मला. कणकण यायच्या आत पडलेलं बरं."

शशिकलाच्या हातातून वायर सुटली.

"काय म्हणालात, आजी?" डॉक्टरांनी विचारलं. "कणकण येते? कधीपासून?"

"सक्रांतीपून. रोज येती. रातच्याला घाम सुटतो, मग उतरती."

"मग ताप येतो का विचारलं तर नाही म्हणालात!"

"ताप कुठं हाय? तापात माणूस अंथरूण धरतं. ही आपली कणकण हाय. तुमी कणकणीचं इचारलंच न्हाई."

मग शशिकलाच बोलली, एका दमात: चोळ्या, रात्रीचं ठणकणं, ताठ पाठीनं बसणं, टेंगूळ, चप्पल. कुणी अडवलं नाही. डॉक्टरांनी पाठीवर हलकंच ठोकून बघितलं, तळव्यावरून किल्लीचं टोक ओढलं, आणि अंगठा खाली वळायच्या ऐवजी वर गेला ते बघून त्यांचा चेहरा उतरला. मशीनचं बटण त्यांनी स्वतः बंद केलं.

"आत्ताच्या आत्ता हाडाच्या डॉक्टरांकडं जा. चिठ्ठी देतो. यांना रिक्षातून न्या, चालवू नका." चिठ्ठी देताना ते म्हणाले, "ताई, हे आधी का नाही सांगितलंत?"

शशिकलानं चिठ्ठी घेतली आणि मुक्ताला कडेवर घेतलं.

एक्स-रेत दोन मणके कुरतडल्यासारखे दिसत होते. मणक्याचा क्षय. छाती साफ होती. पोरीलाही तपासलं, तिला काही नव्हतं. "पाय अजून वाचतील," हाडाचे डॉक्टर म्हणाले. "पंधरा दिवसांनी आला असतात तर असं म्हणालो नसतो." दीड वर्ष गोळ्या, काही महिने फळीवर सरळ पडून राहायचं. शेक नाही, चोळणं नाही आणि पायाळूचा पाय तर मुळीच नाही.

महिनाभरानं सुलाबाई कंबर धरून ओसरीवर आल्या. "मुक्ते, ये गं माय. उसण भरलीया."

शशिकलानं पोरीला उचलून घेतलं. "मावशी, संध्याकाळी कणकण येते का?"

"अगं बया, ताप न्हाई मला!"

"तिनं ताप इचारला का?" आतून, फळीवरून कासाबाईंचा आवाज आला. "कणकण येती का, ते सांग."

"न्हाई वो. काल घागर उचलताना लचकली."

"मग लावू दे पाय. पर हळू."

शशिकलानं मुक्ताला खाली ठेवलं आणि आत आली. "आत्याबाई, अंगठा हलवा."

"दिसातून दहादा काय बघायलीस गं? सकाळी हलवला की!"

"हलवा म्हणते ना!"

कासाबाईंनी वैतागून डोळे मिटले. चादरीखाली आधी डावा अंगठा हलला. शशिकला उजव्याकडं बघत उभी राहिली. थोडा उशिरा, पण हलला.