रायमोंडाबाईंचा नादकाटा

मी नादकाटा. ‘बोलतोय’ म्हणायची माझी छाती नाही. मला कुणी ठोकल्याशिवाय आवाज फुटत नाही, आणि फुटला तरी मिनिटभरात विरतो. पण आज सांगायची फार इच्छा आहे, तेव्हा जरा कान द्या.

दोन पाय वर, एक दांडी खाली, दांडीच्या बुडाला बटणाएवढी चपटी बैठक, असा माझा उलटा अवतार. एकाच पोलादी कांबीतून निघालेले आमचे काही भाऊ किनऱ्या आवाजाचे होते, ते गवयांकडे गेले. मी जाडा आणि घोगरा, म्हणून मला डॉक्टरी सामानाच्या दुकानात पाठवलं. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आता वाटतं, देवानं भलंच केलं.

मला विकत घेतलं ते डॉक्टर रायमोंडा लोद्दो यांनी. त्या नुकत्याच मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टर झाल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यात एकच भुंगा होता. इटलीतल्या आपल्या सार्डिनिया बेटावर मल्टिपल स्क्लेरोसिस एवढा का? या रोगात शरीराचे शिपाई घरच्यांनाच शत्रू समजतात आणि मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतात. मग कुणाची नजर अंधुक होते, कुणाचे पाय जड होतात, कुणाच्या हातात पेला ठरत नाही. बाईंची सख्खी मावशी अकरा वर्षं अशी खाटेवर होती. गाव म्हणायचं, दृष्ट लागली.

“पूर्वी इथे माणसं हिवतापानं मरायची,” बाई म्हणायच्या. “पिढ्यान्‌पिढ्या तापाशी भांडलेलं हे रक्त. ताप गेला, आता ते घरातच भांडण उकरून काढत नसेल कशावरून?”

हा त्यांचा प्रश्न. त्याच्या मागे लागून त्या डोंगरातली गावं पालथी घालायच्या आणि रुग्णांच्या धडधाकट भावाबहिणींना तपासायच्या. त्यांच्यात रोग दडून बसलाय का, हे त्यांना मोजायचं होतं. त्यात माझं काम साधं. बाई मला स्वतःच्या तळहातावर ठोकायच्या, माझी बैठक समोरच्याच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवायच्या आणि विचारायच्या, “गुणगुणतंय?” निरोगी माणसाला हाडात बारीक थरथर लागते. आवरण झिजलं असेल, तर मी कितीही जीव तोडला तरी निरोप वर पोचत नाही.

आमचे दिवस मोठे गोड गेले. गोड म्हणजे खरोखरच गोड. त्या गावांत पाहुणा न खाता उठला तर घराची नाचक्की. प्रत्येक घरी कॉफी, बदामाच्या वड्या, मेंढीच्या दुधाचं चीज, पापडासारखी कडक पातळ भाकरी. “तपासायला आलात की उपास करायला?” असं म्हणत म्हाताऱ्या बाईंच्या पिशवीत वड्या कोंबायच्या. माझ्या बैठकीला कितीदा साखर चिकटली असेल! दिवसाला चारांपेक्षा जास्त घरं होत नसत, पाचव्या घरी बाईंच्या पोटात जागाच उरायची नाही.

अशी चौदा वर्षं गेली. वह्या भरल्या. शरद ऋतूत मोठ्या परिषदेत बाई निबंध वाचणार होत्या की, रुग्णांच्या भावंडांत दडलेला रोग जवळजवळ नाहीच. शेवटची काही घरं उरली होती. त्यांतलं एक बोनारियाकाकूंचं.

बोनारियाकाकूंची थोरली लेक पास्का तिशीतच चाकाच्या खुर्चीला खिळली होती. धाकटा गाविनो चोवीस वर्षांचा, मेंढ्या राखणारा, खांद्यानं दार भरून टाकील असा. बाईंनी त्याला आधी दोनदा तपासलं होतं आणि दोन्ही वेळा वहीत लिहिलं होतं, ‘निरोगी’.

त्या दिवशी काकूंची गडबड चालली होती. “आधी वडी घ्या. ही बघा, ही लिंबाच्या सालीची. अहो, एवढीशी!” एका हातानं वडी चुकवता चुकवता बाईंनी दुसऱ्या हातानं मला गाविनोच्या अंगठ्यावर टेकवलं. ठोकायचंच विसरल्या.

“गुणगुणतंय?”

“हो डॉक्टरीणबाई,” गाविनो म्हणाला. “छान गुणगुणतंय.”

अहो, मी दगडासारखा गप्प होतो! माझ्या आयुष्यात मला इतकं लाजल्यासारखं कधी झालं नाही. बाईंचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी मला उचललं, न ठोकताच दुसऱ्या पायाला लावलं. “आणि इथे?”

“इथेही. मस्त.”

खुर्चीतून पास्का हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं. “त्याला काय विचारता? तो तुमच्या तोंडाकडे बघून हो म्हणतो. या आठवड्यात दोनदा गोठ्यात पडलाय.”

“पास्का!” काकू ओरडल्या.

“का गं? माझे पाय जड व्हायला लागले तेव्हा मीही दोन वर्षं हो हो म्हणत होते. आठवतं ना, डॉक्टरीणबाई? तुम्ही एवढ्या लांबून यायचात, घाटात तुमची गाडी बंद पडायची. म्हटलं, कशाला नाही म्हणून तुमचं मन मोडा. आता बसलेय.”

बाईंनी वहीकडे पाहिलं. मला माहीत होतं त्यांच्या मनात काय चाललंय. चौदा वर्षांच्या वह्यांत असे किती ‘हो’ असतील? आणि पास्काच्या वेळी औषध नव्हतं, पण आता रोगाला आवर घालणारी सुई आली होती. जेवढी लवकर सुरू होईल तेवढा फायदा. गाविनोचे पाय अजून त्याचे होते. पण रोग आहे हे कळायला तर हवं!

बाईंनी वड्यांचं ताट हातानं मागे सरकवलं.

“काकू, आज मी तुमच्या घरी काही खाणार नाही.”

काकूंनी ताट पुन्हा पुढे सरकवलं. “आमचं काय चुकलं?”

“गाविनो खरं बोलेपर्यंत पाणीसुद्धा घेणार नाही. गाविनो, डोळे मीट. मी कधी याला ठोकीन, कधी ठोकणार नाही. मला तुझं ‘हो’ नकोय रे बाळा. ‘हो’ मी गाडीभर गोळा केलंय.”

गाविनोनं डोळे मिटले. बाईंनी मला सणकन ठोकलं. मी त्याच्या अंगठ्यावर उभा राहून उभ्या आयुष्यात गुणगुणलो नसेन तेवढा गुणगुणलो. लागू दे रे याला, लागू दे, म्हणत होतो.

त्याच्या गालावरून पाणी ओघळलं.

“नाही,” तो म्हणाला. “काहीच लागत नाही. मार्च महिन्यापासून नाही.”

काकूंनी पदर नसलेल्या बायका करतात तसं एप्रनमध्ये तोंड खुपसलं. “तीनदा दृष्ट काढली हो याची! पाण्यात गहू टाकून तीनदा! एक लेकरू बसलंय माझं. दुसऱ्याचं नाव तुमच्या आजाऱ्यांच्या वहीत कसं घालू?” म्हणजे आईनं सगळं ओळखलं होतं. पोरगा आईसाठी हो म्हणत होता आणि आई पोरासाठी गप्प होती.

बाईंनी मला घोट्यावर ठेवलं. तिथे गाविनोला थरथर लागली. ती थांबली असं तो म्हणाला, तेव्हा बाईंनी मला चटकन स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहिलं. मीही नुकताच थांबलो होतो, म्हणजे माझी शेवटची थरथरसुद्धा त्याला लागली होती. घोटा शाबूत होता. मग बाईंनी ताट ओढून घेतलं, लिंबाची वडी तोंडात टाकली आणि काकूंना जवळ घेऊन रडत रडत चावली.

शहरात त्यांचे प्राध्यापक खवळले. “एका मेंढपाळाच्या भिडेपायी चौदा वर्षं पाण्यात घालणार? कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना सर,” बाई म्हणाल्या. “आणि पाण्यात कुठे गेली? विचारायचं कसं ते शिकायला तेवढी लागली.”

निबंध मागे घेतला. परिषदेला दुसरंच कुणी गेलं. बाई पुन्हा पहिल्या गावापासून निघाल्या, दोनशे बारा भावंडं, अडीच वर्षं. प्रत्येक उंबऱ्यात तेच, “आधी खरं, मग कॉफी.” पहिल्यांदा लोक रागावले, मग डोंगरभर त्याची थट्टा झाली, मग नियमच पडला. एक आजोबा तर दारातूनच ओरडले, “नाही, नाही, नाही! आता बसा जेवायला!” त्या अडीच वर्षांत एकोणीस जणांच्या हो-होखाली दडलेला रोग सापडला. सगळ्यांना सुई वेळेत मिळाली असं मी म्हणणार नाही. पण पुष्कळांना मिळाली, गाविनोला तर सगळ्यांत आधी. ‘भावंडांत रोग नाही’ असं छापायला निघालेल्या बाईंनी ‘आहे, आणि तो लाजेनं लपतो’ असं छापलं.

माझ्या एका पायाला आता गंजाचा ठिपका पडलाय. बाईंचे केस पांढरे झाले. बेटाच्या रक्ताचं कोडं काही पुरतं सुटलं नाही. त्या म्हणतात, एक टोक हाती लागलं, बाकीचं पुढच्या पोरी ओढतील.

गेल्या महिन्यात त्यांचा दवाखान्यातला शेवटचा दिवस होता. शेवटचा नंबर गाविनोचा. केस विरळ झालेले, हातात काठी, काखेत चीजचा गोळा. डावा पाय जरा ओढतो, पण स्वतःच्या पायांनी आला. काकू आता नाहीत. पास्कानं निरोप धाडला होता, “डॉक्टरीणबाईंना सांग, आज तरी आधी खा.”

“आधी खरं,” बाई म्हणाल्या.

त्यानं बूट काढले, डोळे मिटले. अंगठ्यावर मी गुणगुणलो. “नाही,” तो म्हणाला. सहज, हवा सांगावी तसं. बाईंनी मला घोट्यावर ठेवलं. “लागतंय. लागतंय. अजून आहे... बारीक झालं... आता थांबलं.”

बाईंनी मला मनगटावर टेकवलं. मी त्याच क्षणी थांबलो होतो. बावीस वर्षांत रोग अंगठ्यावरून घोट्यापर्यंत चढला नव्हता!

“होतं तेवढंच आहे रे,” बाई म्हणाल्या. “गाविनो, तेवढंच आहे.”

“ठाऊक आहे,” तो डोळे न उघडताच म्हणाला. “तुमच्याशी खोटं बोलायचं सोडलंय ना मी.”

बाईंनी मला पुसलं आणि त्यांच्या जागी येणाऱ्या तरुण डॉक्टरणीच्या हातात दिलं. तिचा तळहात मऊ आहे, ठोकायला अजून घाबरते. शिकेल. मी सर्वांचा ऋणी आहे. ज्यांनी अनोळखी पोलादाला आपल्या हाडाशी येऊ दिलं त्यांचा, आणि ज्यांनी काळीज घट्ट करून ‘नाही’ म्हटलं त्यांचा तर जास्तच. तुमच्या पायाशी कधी माझ्यासारखा कुणी आला, तर त्याचं मन राखू नका. लागत नसेल तर लागत नाही म्हणा. आम्हाला वाईट वाटत नाही हो.