तळ्याला दाखवलेला कॅल्क्युलेटर

मी एक सायंटिफिक कॅल्क्युलेटर बोलतोय. हो, नागभीडजवळच्या तळ्यात बुडी मारून आलेला, तोच मी.

परदेशातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. सोबत जाडजूड माहितीपुस्तिका होती, पण अठ्ठ्याण्णव साली मी उमाजीभाऊंच्या घरी आलो तो तिच्याविनाच. दुकानदाराने ती कुठे हरवली देव जाणे. उमाजीभाऊ जातीचे ढीवर, तळ्यातल्या मासेमारीवर घर चालवणारे. त्यांची रीता पॉलिटेक्निकला गेली म्हणून मला आणलं.

सोमवारी तिचा पेपर आणि मी बिघडलो. तीस अंशांची साइन विचारली की उणे चिन्ह लावून भलतंच उत्तर देई. यात माझा काय दोष? कुणीतरी मला अंशांवरून रेडियनवर, म्हणजे कोनाच्या दुसऱ्याच मापावर, नेऊन ठेवलं होतं. परत कसं आणायचं ते पुस्तिकेत होतं.

"बाबा, हा खोटं बोलून राह्यला! आता मी नापासच." रीता रडायला लागली.

मग आळीभर पुस्तिकेचा शोध सुरू झाला. वारलूभाऊंनी पाण्याच्या इंजिनाची आणली. रीताच्या आईने, कुंताबाईने, प्रेशर कुकरची काढली आणि माझं रबर शोधू लागली. शेजारच्या कमळाने शिलाई मशीनची आणली, तीत लिहिलं होतं म्हणून मला तेलही पाजलं. मी काय बोलणार? तोंडात नुसते आकडे.

शेवटी उमाजीभाऊ उठले. "अरे, नवं जाळं तळ्याले दाखवल्याबिगर मासा धरते का? याले कोणी दाखवलं?"

नव्या जाळ्याला लावतात तशी हळद लावून त्यांनी मला सरळ तळ्यात बुडवलं. रीता किंचाळली. तिने मला हिसकावलं, सेल काढले, पुसून उन्हात वाळवलं. सेल निघाले की मी सगळं विसरतो, रेडियनसुद्धा. संध्याकाळी तिने पुन्हा तीसची साइन विचारली. शून्य पूर्णांक पाच! मी वाचलो कसा, मलाच ठाऊक नाही. बहुतेक कमळाच्या तेलाने.

रीता पास झाली, पुढे इंजिनिअर झाली. उमाजीभाऊंना आता कमी दिसतं. परवा चंद्रपूरच्या रद्दीवाल्याकडे तिला माझी पुस्तिका सापडली. तिने ती बाबांच्या खाटेवर बसून उघडली. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं: पाण्यापासून दूर ठेवा.

"काय लिवलं आहे, पोरी?"

रीताने त्या ओळीवर बोट ठेवलं. "पहिले तळ्याले दाखवा, असं लिवलं आहे, बाबा."

"मंग! छापणारा बी ढीवरच असंल," म्हातारा खुलला. "तुहा तो नवा मोबाइल कुठी आहे? आण इकडे."

रीता हसली, आणि हळद आणायला आत गेली.

माझी चारची कळ आता लागत नाही, पण जीव अजून गुंततो. रीताबाई, बाबांचं मन राखा. फक्त बॅटरी तेवढी आधी काढून घ्या.