सत्तेचाळीस जण कुठे गेले?

घरातलं मूल अवघड परीक्षेला बसणार म्हटलं, की कोणता क्लास लावायचा यावर घरात वादावादी होते, हे तुम्हाआम्हाला नवीन नाही. या घरात मात्र उलटंच झालं. क्लासच आपण होऊन चालत आला!

लेक विद्यापीठात संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिला ॲक्च्युअरी व्हायचं होतं. माणसं किती जगतात, किती आजारी पडतात, याचं गणित मांडून विमा कंपनीला जोखीम समजावून सांगणारा तज्ज्ञ म्हणजे ॲक्च्युअरी. पदवी सांभाळून त्या परीक्षेचा एकेक पेपर द्यायचा, आणि पेपर असे की भलेभले आडवे व्हावेत. संभाव्यतेच्या पहिल्याच पेपरात ती एकदा नापास झाली, दुसऱ्या खेपेला सुटली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून तिने स्वतःच अभ्यास केला होता आणि त्यात चौदा महिने गेले होते.

स्वभावाने ती महासंशयी. कोणी काही सांगितलं की पहिला प्रश्न, "कशावरून?" छापखान्यात काम करणारे तिचे बाबा चारचौघांत तिची ओळखच अशी करून देत, "ही आमची कशावरून!"

निकालानंतर तिसऱ्या दिवशी शहरातल्या एका मोठ्या क्लासच्या सरांचा फोन आला. परीक्षेआधी त्यांनी सर्वांसाठी दोन दिवसांची मोफत उजळणी ठेवली होती. लेक त्या उजळणीला गेली होती; सरांना ओळखत होती ती तेवढ्यापुरतीच.

"अभिनंदन! तू आमचीच विद्यार्थिनी," सर म्हणाले. "पुढच्या पेपरांची सगळी फी माफ. फक्त एक फोटो दे, पत्रकावर छापतो."

पत्रक छपाईला आलं तेही बाबांच्याच छापखान्यात. पहिली प्रत घेऊन ते घरी आले, तेव्हा त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. वर ठसठशीत अक्षरांत, 'शंभरातले ब्याण्णव पास!' आणि लेकीच्या फोटोखाली, 'चार महिन्यांत यश!'

आईने चष्मा लावून पत्रक दोनदा वाचलं. ती रुग्णालयात जुन्या फायली सांभाळायच्या कामावर होती. कागद दिसला की तो उलटून बघायची तिला सवयच होती.

"चार महिने? आणि हे ब्याण्णव नक्की कशातले?"

"आई, एवढा मोठा क्लास आहे. उगीच छापतील का?"

"हे तू म्हणतेस?"

"अगं, पोरीचा फोटो छापून आलाय," बाबा मध्ये पडले. "कौतुक करायचं सोडून उलटतपासणी कसली घेतेस!"

विषय तिथेच थांबला. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या लेकीला त्या दिवशी एकही प्रश्न पडला नाही.

लेक पुढच्या पेपरासाठी क्लासला जाऊ लागली. पहिल्या आठवड्यात बसायला जागा नव्हती. दुसऱ्या महिन्यात मागचे बाक रिकामे दिसू लागले. दर शनिवारी चाचणी होई आणि सोमवारी सर चार-पाच जणांना एकेक करून आतल्या खोलीत बोलावत. बाहेर येणारा कोणाकडे न बघता पिशवी उचले आणि निघून जाई. आत काय बोलणं होतं? लेकीने दोघांना विचारलं. दोघांनीही "काही नाही" म्हणून मान फिरवली.

एकदा सरांनी तिला हजेरी मांडायला दिली. तिने सहज मागची पानं उलटली. आधीच्या तुकडीत साठ नावं होती. बहुतेक नावांवर लाल रेघ मारलेली, उरलेल्यांपुढे निकाल लिहिलेला.

"जुनं कशाला बघतेस?" सरांनी वही जवळजवळ हिसकावलीच. "आजची हजेरी मांड."

आता मात्र तिच्या डोक्यात किडा वळवळू लागला.

पुढच्याच सोमवारी पहिल्या बाकावरची मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली आणि जिन्यात बसून राहिली. तिच्याच विद्यापीठातली, दुसऱ्या वर्षाची, संभाव्यतेच्या पेपरची तयारी करणारी. लेक तिच्याजवळ गेली.

"काय झालं? सर काय म्हणाले?"

"या वेळी पेपरला बसू नकोस म्हणाले. तसं लिहून घेतलं माझ्याकडून." मुलीने नाक पुसलं. "ताई, मी तुमचा फोटो बघून आले होते. तुम्ही चार महिन्यांत केलंत. मला क्लासच्या आधीचा अभ्यास धरून आठ महिने झाले तरी जमत नाही. मला डोकंच नाही. पदवीही सोडून द्यावी म्हणते."

त्या मुलीला धीर द्यायला एक खरं वाक्य पुरलं असतं, पण लेकीला ते सांगायची लाज वाटली.

ती तिथून थेट आईच्या रुग्णालयात गेली. तळमजल्यावरच्या त्या लांबट खोलीत फायलींचे मनोरे उभे होते. आईने स्टूल पुढे सरकवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"हे बघ," आई म्हणाली, "बरे होऊन गेलेल्यांच्या फायली या, हाताशी. ज्यांनी उपचार मधेच सोडले, त्यांच्या त्या तिकडे, खाली. नुसत्या वरच्या मोजल्या तर आमच्या रुग्णालयातून सगळेच बरे होऊन जातात. तुमच्या त्या आयुर्मानाच्या तक्त्यात मधेच गळालेल्यांना धरतात की नाही?"

"धरावंच लागतं. नाहीतर सगळा तक्ता खोटा."

"मग?"

लेकीने वहीत पाहिलेली नावं आठवली. साठ जणांपैकी रेघ नसलेले तेरा. त्यातले बारा पास. बारा भागिले तेरा, ब्याण्णव टक्के! आणि उरलेले सत्तेचाळीस? त्यांना परीक्षेच्या आधीच गाळून टाकलं होतं.

"आई, मी खोटं बोलले नाही गं. फक्त फोटो दिला."

"छापलेलं वाचलंस आणि गप्प बसलीस. ती पोर त्या चार महिन्यांशी स्वतःला ताडून बघत होती, आणि ते चार महिने कधी नव्हतेच. परीक्षा अवघड आहे हे तिला कोणी सांगितलंच नाही, म्हणून ती स्वतःलाच मठ्ठ समजली. संशय घेणं चांगलंच. पण तो दुसऱ्यांपुरता ठेवलास आणि स्वतःचं कौतुक आलं तेव्हा खिशात घातलास, त्याचं काय?"

लेकीला रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी ती सरांसमोर उभी राहिली. "सर, माझा फोटो काढून टाका. मी इथे दोनच दिवस आले होते."

सर हसले. "सगळे क्लास हेच करतात. जाहिरात आहे ती, शपथपत्र नव्हे. फोटो काढला तर फीची माफीही गेली, कळतंय ना?"

"कळतंय, सर."

बाबांना हे पचायला दोन दिवस लागले. पत्रकाची दुसरी छपाई लागणार होती. तिसऱ्या दिवशी ते मालकांना म्हणाले, "या फोटोला माझ्या मुलीची संमती नाही. मी हे छापणार नाही." काम दुसऱ्या छापखान्यात गेलं आणि मालकांनी महिनाभर तोंड वाकडं केलं. पण संमती नसल्याचं चारचौघांत बोललं गेलं, तेव्हा सरांनी पत्रकावरून फोटो काढला.

मग लेकीने पहिल्या बाकावरच्या त्या मुलीला बोलावून सगळं खरं सांगितलं. मुलगी आधी चिडली. मग, "म्हणजे तुम्हीसुद्धा नापास झाला होतात?" एवढंच तिने विचारलं. त्याच दुपारी लेकीने विद्यापीठात आपल्या विभागाच्या फलकावर एक कोरा कागद टाचला आणि वर लिहिलं, 'संभाव्यतेचा पेपर. मी एकदा नापास. पास व्हायला चौदा महिने. क्लासला दोन दिवस.'

आठवडाभर लोक नुसते वाचून जात होते. मग कोणीतरी खाली लिहिलं, 'दोनदा नापास. वीस महिने.' त्याखाली, 'तीनदा. अजून प्रयत्न चालू.' महिन्याभरात दुसरा कागद जोडावा लागला. त्या मुलीने पदवी सोडली नाही. ती पेपरला बसली, थोडक्यात नापास झाली, आणि फलकाशी येऊन तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'एकदा. पुन्हा बसणार आहे.' ते लिहिताना तिची मान खाली नव्हती!

मित्रहो, यशाचा आकडा समोर आला, की तो कोणाकोणाला गाळून तयार झालाय हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. आणि त्या आकड्याशेजारी आपलाच फोटो असेल, तेव्हा तर ते विचारणं आपलं कर्तव्यच आहे. आपलं अपयश आपण लपवतो ते लाजेपोटी. पण त्या लपवण्यामुळे आपल्या मागून येणारा कोणीतरी उगीचच स्वतःला नालायक ठरवून वाट सोडतो. त्याला एवढंच सांगा, की मलाही वेळ लागला होता.